बुटांची माती

फोन आला तेव्हा हे कोलकात्याला असायला हवे होते. फोन मुरबाडहून आला. बाईचा आवाज होता. "वहिनी, दादा बसल्या जागी गेले गो..." रडू यायच्या आधी मनात आलं, ही कोण?

हे कारखान्याच्या फुटबॉल संघाचे गोलकीपर. देशभरच्या संघांच्या सामन्यांचा एक कप दर हिवाळ्यात कोलकात्याला भरायचा. आमचं लग्न झालं तेव्हा त्याचा थाट मोठा. आमच्या सापगावात लोक रेडिओभोवती बसायचे, हे सेमीफायनल खेळले तेव्हा अंगणात पाय ठेवायला जागा नव्हती. पुढे कारखाने मिटले, त्यांचे संघ मोडले, मोठे क्लब पैशाच्या सामन्यांकडे गेले. मग एका वर्षी कप भरलाच नाही. बंद झाला, असंही कोणी जाहीर केलं नाही. मला ते शहापूरच्या बाजारात ह्यांच्या एका सोबत्याकडून कळलं.

हे मात्र जातच राहिले. "जुन्या खेळाडूंना बोलावतात," म्हणायचे. मी लांबच्या प्रवासाला पुरतील एवढ्या भाकऱ्या बांधून द्यायची. पण बूट मीच धुवायची. शाळा चौथीपर्यंतच झाली, तरी जन्म भातलावणीत गेला, माती मला कळते. पूर्वी बुटांना राखाडी, चिकट माती यायची. आता यायची तांबडी, खड्यांची... आपल्याकडचीच. एकदा विचारलं, "कोलकात्याची माती बदलली काय हो?"

"तुला बुटातबी सवत दिसते," हे हसले. पुन्हा विचारायला मला धीर झाला नाही. बूट उलटे करून बघत राहिले.

ह्यांच्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला ती फोनवरची बाई आली. तिच्या खांद्याला धरून तिचा नवरा. ह्यांच्याच संघातला. अपघातात डोक्याला मार लागल्यापासून त्याला जुनंच आठवतं. हिवाळा आला की कोलकात्याला जायचं म्हणून बॅग भरून दारात बसतो. म्हणून हे जायचे, मुरबाडजवळच्या म्हसा गावच्या माळावर त्याच्यासाठी गोलात उभे राहायचे.

"वहिनी, तुमच्या भाकऱ्या आमाला दोन दिवस पुरायच्या," ती म्हणाली. तो इकडेतिकडे बघत होता. "कीपर कुठाय?"

तरी माझा विश्वास बसला नाही. पुढच्या आठवड्यात पिशवीत एक बूट घेऊन एकटी म्हशाला गेले. माळावर दोन बांबू रोवलेले, मधली जमीन पायांनी झिजलेली. चिमूटभर माती बुटाच्या मातीशेजारी धरली. तीच होती.

मग मला का नाही सांगितलं? कप संपला हे माझ्यासमोरही त्यांच्या तोंडून निघेना, की माझ्या संशयाला भ्याले? आता कोणाला विचारू...

बूट खाटेखाली आहेत. धुतलेले नाहीत. केर काढताना हात आपसूक जातो, अजून उलटे करून बघते.