बघण्याच्या दिवशी आलेले डोळे

गारगोटीचे पाहुणे मला बघायला यायचे होते, नेमके त्याच सकाळी माझे डोळे आले. पन्नास सालानंतरची गोष्ट. त्या पावसाळ्यात आमच्या पेठेत घरटी एक जण लाल डोळे घेऊन फिरत होता. आत्याने बोरिकच्या कोमट पाण्याने माझे डोळे धुतले, मी ते दाराजवळच्या टॉवेलने पुसले आणि आरशात पाहिलं. पापण्या टम्म फुगलेल्या. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आधीच दोन ठिकाणांहून नकार आला होता, आणि पाहुणे तर एस.टी.त बसलेसुद्धा असणार.

ते आले. वडिलांनी हातपाय धुवायला पाणी दिलं आणि पुसायला टॉवेल पुढे केला. तोच! गडबडीत कुणाच्या ध्यानात आलं नाही. मुलाच्या आईने तोंड पुसलं, मामांनी खसाखसा पुसलं. मुलगा लाजरा, त्याने खिशातून आपला रुमाल काढला.

मी पोहे घेऊन आले तोच आत्याने जाहीर केलं, "पोरीचं डोळं आल्यात. तिच्या डोळ्यात बघू नगासा!"

नुसतं बघितलं की डोळे येतात, हे तेव्हा सगळ्या कोल्हापूरला पक्कं ठाऊक. मग काय, मुलगी बघायला आलेली माणसं मुलगी सोडून सगळं बघू लागली. मुलाची आई आढ्याकडे बघत विचारत होती, "सैपाक येतो न्हवं?" मामा पोह्यांतल्या शेंगदाण्यांना माझं शिक्षण विचारत होते. मी डोळ्यांना पदर लावून उत्तरं देत होते. जाताना मामा म्हणाले, "कळवतो की." त्याचा अर्थ आम्हाला चांगला माहीत होता.

आठवड्याने मध्यस्थ हसत हसतच घरात शिरला. तिकडे आई आणि मामा दोघांचे डोळे आले होते, मुलाचे ठणठणीत. घरात रणकंदन माजलं होतं. मामांनी चोरून पाहिलं म्हणून आई चिडलेली, आईने पाहिलं म्हणून मामा. आणि दोघं मिळून मुलावर उखडलेले. त्याची आई म्हणाली होती, "तू पोरीकडं बघितलंच न्हाईस! बघितलं असतंस तर तुझं डोळं आलं नसतं व्हय? जा, नीट बघून ये."

तो एकटाच आला. माझे डोळे तोवर बरे झाले होते. आत्या चहाला आत गेल्यावर तो सरळ माझ्याकडे बघून म्हणाला, "त्या दिवशी मी सगळं बघितलंय. तुमच्या डोळ्यातनं पाणी येत होतं. ते डोळं आल्यामुळं, का लगीनच नको हाय? तेवढंच इचारायला आलोय."

तीन स्थळं झाली होती. मला काय हवं, हे तोवर कुणीच विचारलं नव्हतं, अगदी घरच्यांनीही नाही.

"नुसतं डोळं आल्यामुळं," मी म्हटलं, आणि मला रडूच कोसळलं.

चहा घेऊन आलेली आत्या दारातच थबकली. "अगं बाई! परत आलं व्हय डोळं?"

त्याने खिशातला रुमाल काढून माझ्या हातात दिला.