मोटारीपुढचं गाऱ्हाणं

दादा गेल्याची बातमी मला भाट्याच्या तरीवर कळली. होडी खाडीच्या मध्यावर असताना तरवाल्याने वल्हं थांबवलं. "हेडक्लार्क, तुमचे आफ्रिकेवाले दादा गेले म्हणतात... आणि तुम्ही इकडे कुठे?" पलीकडे उतरलो आणि त्याच होडीने परत फिरलो.

दादा म्हणजे माझा थोरला चुलतभाऊ, हातखंब्याच्या पुढच्या गावचा. मोंबासापासून दिवसभराच्या वाटेवर एका घायपाताच्या मळ्यात तो मोटार हाकायचा. रत्नागिरीकडचं कोणी आगबोटीने येतंय असं कानावर आलं, की मळेवाल्या साहेबाला विचारून हा धक्क्यावर हजर. परमुलखात उतरणाऱ्याला आपलं एक तोंड दिसावं, एवढंच त्याचं म्हणणं. पण उतरलेल्याला मोटारीत बसवण्याआधी तो गाऱ्हाणं घालायचा. आपल्याकडे शुभकार्याआधी जागेच्या राखणदाराला हाक घालतात आणि जमलेली मंडळी 'व्हय महाराजा' म्हणतात, तेच. फक्त आपल्याकडे ते देवळासमोर होतं. दादा ते मोटारीच्या नाकासमोर हात जोडून, सगळ्या धक्क्याला ऐकू जाईल अशा आवाजात घालायचा. दर्यावर्दी माणसांचा आवाज आमच्या घराण्यात त्याच्या एकट्याच्याच वाट्याला आला होता.

मी गेलो तेव्हा आमच्याच बोटीवर चिपळूणकडचे एक व्यापारी होते. मोंबासात त्यांची मोठी पेढी. बोट लागत नाही म्हणणारे आम्ही दोघेच, त्यामुळे गट्टी जमली. मी मॅट्रिक पास आहे असं सांगितल्यावर त्यांनी पेढीवर कारकुनाची खुर्ची देऊ केली. मी मॅट्रिक पास नव्हतो. परीक्षेला बसलो होतो हे मात्र खरं, आणि समुद्रावर एवढा फरक कोण बघतो! शेठना मळ्याकडे काम होतं, म्हणून तेही दादाच्याच मोटारीने यायला निघाले. दादाने पागोटं सारखं केलं आणि सुरुवात केली.

"बा महाराजा, इथल्या जागेवाल्या, राखणदारा! हा माझा चुलतभाऊ बाळू. मॅट्रिकला दोनदा बसला नि दोनदा आपटला..."

"व्हय महाराजा!" धक्क्यावरचे आपल्याकडचे खलाशी गरजले. त्यांच्यात शेठही होते. सवयीने हात जोडून, डोळे मिटून. डोळे उघडल्यावर त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"घरात भांडून आलाय, कामाचा कंटाळा आहे, पण मनाचा वाईट नाही. वाटेत त्याचं काही वाकडं होऊ देऊ नको रे महाराजा!"

"व्हय महाराजा!"

खुर्ची गेली. शेठ भला माणूस, त्यांनी गोदामात ठेवून घेतलं. दाभण घेऊन गोण्यांची तोंडं शिवायची. आफ्रिकेत होतो तोवर मी तेवढंच केलं.

त्या दिवशी मोटारीत मी तोंड फुगवून बसलो. लाल धुळीचा रस्ता, दोन्ही बाजूंना काटेरी झुडपं. दादा बैलगाडीच्या चालीने चाललेला. वळण दिसलं की भोंगा. कोरडी नदी आली की खाली उतरून काठीने वाळू चाचपून यायचा, मग मोटार घालायचा. मागून येणाऱ्या गोऱ्यांच्या मोटारी आमच्यावर धूळ उडवून पुढे जात. हा हात वर करून त्यांना वाट देई.

"बोल रे मेल्या. शेजारचा बोलला नाही की मला डुलकी येते."

"तूच बोललास पुरेसं," मी म्हटलं.

मागे शेठ खोकले. दादाने मोटार थांबवली, पूर्णपणे थांबवली, कारण हाकताना तो मान वळवत नसे. "अरे, जागा आपली नाही. वाटेत काही झालं तर राखणदार तुला शोधायला येणार ना? मॅट्रिक पास झालेला बाळू म्हणून सांगितलं, तर तो कोणाला शोधील? तसा कोणी ह्या मोटारीत हाय काय?"

मी काही वर्षांनी परतलो. गावात सांगितलं, हेडक्लार्क होतो. लोकांनी मानलं. हातात छत्री, अंगात कोट, मुलांना हिशेब शिकवायला घरी बोलावणी... माझं बरं चाललं होतं. आणि एक दिवस निरोप आला, दादा येतोय. डोळे अधू झाले, मळेवाल्याने मोटार काढून घेतली.

रत्नागिरी बंदरावर पडावातून उतरला तेव्हा त्याचा हात दुसऱ्याच कोणाच्या तरी खांद्यावर होता. न्यायला गेलेला मी. म्हणजे गाऱ्हाणं घालायचं मीच. सर्व्हिस मोटार भरलेली, ओळखीचे लोक बघताहेत. मी खाकरून म्हटलं, "बा महाराजा, आफ्रिकेत मळ्याची मॅनेजरी करून आलेला हा आमचा दादा, आणि त्याला न्यायला आलेला हा हेडक्लार्क..."

लोक "व्हय महाराजा" म्हणाले. दादा म्हणाला नाही. हात जोडून नुसता उभा राहिला. मोटार सुरू झाल्यावर माझ्या कानाशी लागून म्हणाला, "बाळू, कोणाला घेऊन चाललायस रे?"

बस्स. पुढे त्याने कोणाकडे अवाक्षर काढलं नाही. रत्नागिरीला आला की परतताना सर्व्हिस मोटारीपुढे उभं राहून उतारूंसाठी गाऱ्हाणं घालायचा. ड्रायव्हर त्याच्यासाठी थांबायचा. मी मात्र त्याच्याबरोबर एकाच मोटारीने प्रवास करणं टाळलं. कधी गुडघा, कधी पाहुणे, कधी नुसतंच "पुढच्या मोटारीने येतो". त्याला ते कळत नसेल असं मी धरून चाललो होतो.

तेराव्याला गेलो आणि दुसऱ्या दिवशी सकाळी परत निघालो. मोटार भरली, सामान वर चढलं, पण ड्रायव्हर हँडल मारीना. चाकाला टेकून उभा.

"काय रे, काय झालं?"

"काय नाय, हेडक्लार्क... दादांची सवय लागलीय. कोणी काही बोलल्याशिवाय हात चालत नाय."

आतून एक म्हातारी म्हणाली, "घाला हो तुम्ही. भाऊ ना त्यांचे?"

मी उतरलो. छत्री कुठे ठेवावी कळेना, ती तशीच काखेत. आवाज दादाचा नव्हे, चिरका निघाला.

"बा महाराजा... हा बाळू. मॅट्रिक नापास. हेडक्लार्क वगैरे काही नव्हता, आफ्रिकेत गोण्या शिवत होता..."

मोटारीत कोणी हसलं नाही.

"भाऊ गेल्याचं तरीवर कळलं, तेव्हा ह्याच्या मनात पहिलं काय आलं, तर, सुटलो. आता आपलं खरं सांगणारा कोणी राहिला नाही. रडू मागाहून आलं, महाराजा."

आणि सबंध मोटार, त्या म्हातारीसकट, मोठ्याने म्हणाली,

"व्हय महाराजा!"

ड्रायव्हरने हँडल मारलं.