दारातली उलटी चप्पल

भिलाईत माझा छोटासा फोटो स्टुडिओ. लग्नं, बारशी, पासपोर्टचे फोटो, आणि अधूनमधून पोलीस ठाण्याचं बोलावणं. गुन्ह्याच्या जागेचे फोटो कसे काढायचे ते एका म्हाताऱ्या हवालदारांनी शिकवलं होतं. आधी बाहेरून घर, मग दार, मग खोलीच्या चारही कोपऱ्यांतून एकेक, शेवटी वस्तूशेजारी पट्टी ठेवून जवळून. तोवर कशालाही हात लावायचा नाही. हे मी पुढे चारचौघांना ऐकवायचो, मोठा शहाणा असल्यासारखा.

एका दुपारी स्टील प्लांटच्या वसाहतीतल्या एका क्वार्टरमध्ये गेलो. बाईचं डोकं फुटलं होतं, तिला दवाखान्यात नेलं होतं. तिने पोलिसांना सांगितलं होतं, माहेरी निघाले तेव्हा नवऱ्याने दारातून केस धरून आत ओढलं आणि भिंतीवर आपटलं. नवरा म्हणत होता, न्हाणीत घसरली.

दारात तिच्या चपला होत्या, त्यातली एक उलटी. उलटी चप्पल म्हणजे घरात भांडण, असं आई म्हणायची. दिसली की सरळ करायची सवय तिनेच लावलेली. मी लेन्स पुसता पुसता पायानेच ती सरळ केली, दुसरीला लावून ठेवली. हात लावायचा नव्हता, तो लावला नाहीच! मग ऐटीत फोटो काढला.

दुर्गच्या कोर्टात नवऱ्याच्या वकिलांनी नेमका तोच फोटो पुढे केला. ओढत नेलेल्या बाईच्या चपला अशा जोडीने राहतात का, म्हणाले. मग मला विचारलं, तुम्ही काही हलवलं होतं का? तेव्हा कुठे मला ती चप्पल आठवली. खरं सांगितलं तर भर कोर्टात नाक कापलं जाणार. मी शपथेवर नाही म्हणालो.

निकालाच्या दिवशी काही काम नसताना गेलो. नवरा सुटला. व्हरांड्यात तिने मला ओळखलं आणि जवळ आली.

"भाऊ, माही एक चप्पल तं उलटी पडली होती. फोटोत सीधी कशी काय दिसून राहिली?"

आताही सांगता आलं असतं. लाज वाटत होती, पण तिच्यापेक्षा मला माझीच जास्त काळजी.

"मले काय मालूम, ताई," मी म्हणालो.

तिने मान हलवली.

"मंग मीच चुकली असन," ती म्हणाली. "डोक्याले मार लागला होता ना."