जगभरचे नमस्कार, आमचा सोडून

"ऐसे नहीं, बेटा. ये वाला यहाँ नहीं बोलते."

असं म्हणून आमच्या डायरेक्टर मॅडमनी माझ्या चार वर्षांच्या पोरीचे जोडलेले हात धरले आणि सोडवले. हसत हसत. वर्गातली मुलं गोलात बसलेली. मागे त्यांचे आईबाप मोबाइल धरून उभे. आणि मी, त्याच वर्गाची टीचर, पोरीच्या शेजारी. हातात प्लॅस्टिकचा फुगवलेला पृथ्वीगोल.

परवा शुक्रवारची गोष्ट. अजून अंगाची लाही लाही होते आहे.

आम्ही अमरावतीकडचे. बौद्ध. नवऱ्याच्या सरकारी नोकरीमुळे लखनऊला आलो, सरोजिनी नगरात राहतो. जवळच्याच या शाळेत मी लहान मुलांना शिकवते. पोरगी माझ्याच वर्गात.

आठवडाभर 'दुनिया की सैर' चालू होती. सगळी आखणी माझी. अमीनाबादचा बाजार पालथा घालून मी कापडं आणली, जपानी झगे शिवले, कागदी पंखे केले. देशादेशातले लोक एकमेकांना कसे भेटतात ते मुलांना करून दाखवलं. कुठे कमरेत वाकतात. कुठे नाकाला नाक लावतात. त्या दिवशी तर शेंबडी नाकं एकमेकांवर घासून पोरं लोळायचीच बाकी होती. नियम एकच ठेवला होता. गोलात कुणी नमस्कार केला की सगळ्यांनी तोच नमस्कार परत करायचा. कुणाचा रिकामा जाऊ द्यायचा नाही.

खाऊचं टेबल मात्र माझ्याकडे नव्हतं. मागे एकदा स्टाफरूममध्ये मी फोनवर आईला "जय भीम" म्हटलं. मॅडम दारातच होत्या. दुसऱ्या दिवशी मला म्हणाल्या, "आप डेकोरेशन देखिए, खाना हम लोग देख लेंगे. पैरेंट्स पूछते हैं ना. आप तो समझदार हैं."

समझदार! मुलांनी मेक्सिकोचं खायचं, इटलीचं खायचं, पण माझ्या हातचं नाही. तेव्हा मी मूग गिळून बसले. पोरगी याच शाळेत, नोकरीही हीच. काय करणार होते?

शुक्रवारी आईबापांसमोर शेवटचा खेळ होता, 'हमारे घर का नमस्कार'. एकीनं "आदाब" केलं. एकानं "सत श्री अकाल". छावणीतून येणाऱ्या पोरानं खाडकन सलाम ठोकून "जय हिंद" म्हटलं. प्रत्येकाला गोलानं उत्तर दिलं, मोठ्यांनी टाळ्या वाजवल्या.

मग माझी पोर उठली. घरी मी मराठीत बोलते, ती हिंदीत उत्तर देते. पण रोज फोनवर आजीला नमस्कार करते तो आमचाच. तिनं हात जोडले आणि घसा ताणून म्हणाली, "जय भीम!"

टाळी नाही. एका बापानं मोबाइल खाली घेतला. आणि मॅडम पुढे आल्या.

हात सोडवून झाल्यावर, तिचं एक मनगट धरूनच म्हणाल्या, "ये कल्चर नहीं है, पॉलिटिक्स है. चलो, अच्छे से नमस्ते बोलो."

पोरीनं माझ्याकडे बघितलं. "मम्मी, हम आजी को गलत बोलते हैं?"

तिथे माझं सगळं समझदारपण संपलं. मी पृथ्वीगोल खाली ठेवला.

"मैडम, उसका हाथ छोड़िए."

"आप अंदर आइए, बात करते हैं."

"पहले गोल पूरा होगा."

मी मुलांकडे वळले. "बच्चो, ये हमारे घर का नमस्कार है. नियम क्या है?"

मुलांना काय माहीत जात आणि पात! नियम माहीत होता. सगळा गोल ओरडला, "जय भीम!" मागून एक आई तरातरा पुढे आली आणि आपल्या मुलाला दंडाला धरून उचलून घेऊन गेली.

नंतर ऑफिसात मॅडमनी सांगितलं, "पैरेंट्स के ग्रुप पर लिख दीजिए कि गलती हो गई. नहीं तो सोमवार से मत आइए."

मी म्हटलं, "गलती नहीं हुई. निकालना है तो कारण लिखकर दीजिए. वही लिखिए जो मन में है."

त्यांनी काही लिहिलं नाही. नुसत्या पेन फिरवत बसल्या.

आज सकाळी आईचा फोन आला. नेहमी पोरगी माझ्या हातातून फोन ओढून घेते. आज तिनं हात जोडले, थांबली, आणि माझं तोंड बघत हळूच विचारलं, "मम्मी, बोलूँ?"

आपल्या आजीला नमस्कार करायला परवानगी मागत होती माझी पोर!

"बोल," मी म्हटलं. "मोठ्यानं बोल."

उद्या सोमवार. तिचं बोट धरून मी शाळेत जाणार आहे. मुलांना गोलात बसवणार आहे आणि पहिला नमस्कार मीच करणार आहे, आमचा. काढायचं तर काढा, पण लिहून काढा. तो कागद घेऊन कुठे जायचं ते मला ठाऊक आहे. माझ्या पोरीच्या तोंडी हे "बोलूँ?" ज्यांनी घातलं, त्यांना मी सोडणार नाही.