साहेबांचा गुलाब

गुलाब वाटल्याने वाढतो, असं आमच्या शेजारचे साहेब गंभीरपणे सांगत. ते अंबरनाथच्या कारखान्यात अधिकारी होते आणि बदलापुरात बंगला बांधून राहिले होते. दर वर्षी छाटणीच्या दिवशी ते आईला कळीसकट एक कोवळी फांदी समारंभपूर्वक देत. अशी फांदी मूळ धरत नाही. आठवड्यात ती काळी पडे.

"वहिनी, तुमच्या हाताला गुण नाही," साहेब म्हणत. आईला ते खरं वाटू लागलं होतं.

छाटलेल्या जून काटक्या ते कुंपणावरून आमच्या गटाराकडे फेकत. एका वर्षी तिथल्या ओलीत तीन काटक्या रुजल्या आणि फुलल्या.

"कुठून आणलंत?" साहेबांनी विचारलं.

"तुमच्याच कचऱ्यातून, भाऊ."

पुढच्या वर्षीपासून साहेब छाटलेल्या काटक्या जाळू लागले.