तिसऱ्या गिअरमधला आवाज

पोळा झाला आणि आमच्या जुन्या पिकअपला आवाज लागला. उभी असली की काही नाही. तिसरा गिअर पडून जरा वेग आला, की इंजिनाखालून सुरू: चिर्र-चिर्र, चिर्र-चिर्र. डब्यात खिळे घालून कुणी हलवावेत तसा. डोकं उठायचं माझं.

"बाबा, आवाज येऊन राह्यला."

"कायचा? कायी नाई. तुले भास होते."

माझ्या तोंडाकडे पाहत इतकं ठासून सांगायचे की मला माझ्याच कानांची शंका यायची. ऑइल कमी झालं, पट्टा ढिला पडला, हे बॉनेट न उघडता नुसत्या आवाजावरून ओळखणारा माणूस तो. त्यांच्यापुढे मी कोण लागून गेले? बैल विकले तरी त्यांचा पोळा सुटला नव्हता. पिकअपलाच गेरू लावायचे, हार घालायचे, पुरणपोळी दाखवायचे. गाव हसायचं. हसू दे म्हणायचे.

आई गेल्यापासून घरात त्यांचं मन लागत नव्हतं. स्टिअरिंग हाती आलं की तेवढे माणसात यायचे. म्हणूनच त्या आवाजाची मला धास्ती होती. इंजिन गेलं तर गाडी जाणार, आणि गाडी गेली की बाबा खाटेवरून उठायचे नाहीत.

शेवटी भांडून त्यांना पांढरकवड्याला गॅरेजवर नेलं. मेकॅनिकने हायवेवर एक चक्कर मारली, बॉनेट उघडून वरूनच बॅटरीचा उजेड मारून पाहिलं आणि मान हलवली. "आवाज आहे. आतली चेन गेली वाटते. इंजिन खोलावं लागन. पण काका, एवढ्या जुन्या गाडीले कायले हात लावता? भंगारात देऊन टाका नं."

बाबांचा चेहरा खर्रकन उतरला. मग ते भडकलेच. "कोणता आवाज? येडे झाले का दोघंबी?" किल्ली ओढून घेतली आणि निघाले.

दुसऱ्या दिवशी कापसाची वेचणी होती. मागे बायका बसलेल्या. मी म्हटलं, आजच्या दिवस दुसऱ्याची गाडी सांगू. "बस चुपचाप. लय शहाणी झाली," बाबा म्हणाले. मी बसले. उतार लागला, तिसरा गिअर पडला आणि तो मेला आवाज असा उठला की मी सीटवर सरसावून बसले.

"बाबा, थांबवा!"

ऐकलंच नाही. तेवढ्यात मागून ट्रकचा हॉर्न सुरू झाला. लांबलचक, थांबायचं नाव नाही. बायका केबिनवर हात आपटायला लागल्या, "अवो बाप्पा, मांगं पाहा!" आणि बाबा शांतपणे आमच्या शेताच्या वळणासाठी गाडी उजवीकडे घेत होते. मी झडप घालून स्टिअरिंग डावीकडे ओढलं. ट्रक आरशाला घासून गेला. तेव्हा कुठे बाबा दचकले, आणि गाडी मुरुमात घुसून थांबली.

बायका धडाधड उतरल्या. एक म्हातारी म्हणाली, "मारता का आमाले?"

"हॉर्न वाजवाले काय झालतं त्याले?" बाबा ट्रकच्या दिशेने ओरडले.

बायका एकमेकींकडे पाहायला लागल्या. मला तर राग अस्सा आला होता! तो सगळा मी त्या आवाजावर काढला. सरळ गाडीखाली शिरले. चाचपता चाचपता पुढच्या आडव्या पट्टीपाशी हाताला सुती दोरी लागली. ओढली. घुंगरांची माळ! ऑइलने काळी, धुळीने अर्धी बुजलेली. आमच्या शेवटच्या बैलाच्या गळ्यातली.

मला हसूच फुटलं. "इंजिन ठणठणीत आहे, बाबा! हीच वाजत होती! तुम्ही बांधली?"

बाबांनी माळेकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "वाजते?"

"मंग!"

"मी बांधली तवा वाजलीच नाई. मले वाटलं, घुंगरं मुकी झाली. तरी बांधली. चालू दे म्हटलं त्या बैलाले संग."

मी माळ त्यांच्या कानाशी नेऊन जोरात हलवली. बायका वळून पाहायला लागल्या. बाबा नुसते माझ्या हाताकडे पाहत राहिले, काही ऐकू यायची वाट बघत. माझा हात तिथंच थांबला. इंजिन जाईल म्हणून किती दिवस जीव टांगणीला लावला होता मी. त्यापेक्षा इंजिनच गेलं असतं तर बरं, असं वाटलं.

त्यांनी किल्ली काढली आणि माझ्या तळव्यावर ठेवली.

"तू चालव."

"बाबा, डॉक्टरले दाखवू. मशीन भेटते कानाची."

"दाखवू. पण आज तू चालव. अन् ते बांध पह्यले, होती तिथं. मले नाई तं तुले तं आयकू येईन."

मी पुन्हा गाडीखाली गेले आणि माळ बांधली. रडूही तिथंच उरकून घेतलं. बायका पुन्हा चढल्या. बाबा माझ्या जागेवर बसले, हात कुठे ठेवावेत ते न कळल्यासारखे. मी तिसरा गिअर टाकला.

"वाजून राह्यली?" त्यांनी विचारलं.

"वाजून राह्यली," मी ओरडून सांगितलं.