ओलाव्याचे अकरा किलो

टेकचंदभाऊ कुणालाही भेटले की आधी त्याचं वजन सांगत. रामराम नंतर. मी पहिल्यांदा त्यांच्याकडे भाड्याची खोली विचारायला गेलो, तेव्हा त्यांनी मला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं आणि म्हणाले, "अडुसष्ट. दोन ओलाव्याचे गेले. सहासष्ट." मी घाम पुसत उभा! मग तेच म्हणाले, "या मास्तर, बसा. खोली आहे."

चाळीस वर्षं ते अर्जुनीकडच्या एका राइस मिलमध्ये मापारी होते. धानाचं पोतं काट्यावर चढलं की बारदान्याचं वजन कापायचं, मग धान ओलं आहे म्हणून आणखी थोडं कापायचं. त्याला म्हणतात कडता. भाऊंच्या तावडीतून कडत्याशिवाय काहीच सुटलं नाही. शेजारच्या बारशाला गेले, पाळण्यात डोकावले आणि म्हणाले, "साडेतीन. पाव ओलाव्याचा." बाळाच्या आईनं त्यांना घुगऱ्यासुद्धा दिल्या नाहीत.

मग गुडघे गेले. मिलनं शाल-श्रीफळ देऊन घरी बसवलं. मुलानं प्लास्टिकची खुर्ची आणून ओसरीत मांडली आणि म्हणाला, "बाबा, आता इथं बसा अन् आराम करा." पोराच्या मनात काही वाईट नव्हतं हो. पण भाऊ त्या खुर्चीकडे असे बघायचे, जशी काही ती त्यांच्यासाठी बांधलेली तिरडीच.

त्याच खुर्चीत बसून मोबाइल बघता बघता एके दिवशी त्यांनी मला हाक मारली. "मास्तर, हे पाहा. हा गडी समुद्रात लाटेवर जाऊन राहिला, अन् बसून जाऊन राहिला!" खरंच होतं. आठेक फुटांची फळी, तिच्यावर बसायला खोलगट जागा, पाय अडकवायला पट्टे, कमरेला पट्टा, हातात दोन्ही टोकांना पातं असलेलं वल्हं. वेव्हस्की म्हणतात तिला. "बसाचंच आहे ना मले? मंग बसतो ना! पण एका जागी नाई बसत." शिकवाल का, असं त्यांनी विचारलं. आणि मी, गाढव, हो म्हणून बसलो. मी खेळाचा मास्तर. कबड्डी, खो-खो आणि एक शिट्टी एवढीच माझी विद्या. पण गावातल्या शिकलेल्यांत पोहता येणारा मी एकटाच. म्हणून मी झालो त्यांचा गुरू.

चेन्नईकडचा एक कारागीर स्वाराच्या वजनाप्रमाणे फळी करून देत असे. वजन जास्त तर फळी रुंद आणि जाड, म्हणजे नवशिक्याला तोल सापडतो. त्यानं फोनवर वजन विचारलं. भाऊ मिलच्या काट्यावर चढले. भरले चौऱ्याण्णव. "कपड्याचे अन् जेवणाचे दोन गेले," ते म्हणाले. "अन् पाण्यात तं मी भिजणारच. म्हणजे ओलावा भरपूर. त्याचे अकरा. लिहा, एक्क्याऐंशी."

मी म्हणालो, "भाऊ, भिजलं म्हणून माणसाचं वजन कमी कसं होईल?"

"मास्तर, तुमी शिट्टी वाजवा. वजन मले शिकवू नोका."

पाण्यात म्हैस आणि वर मोल, असा तो सौदा! दिवाळीनंतर फळी ट्रकनं कोहमाऱ्याच्या एका ढाब्यावर उतरली आणि तिथून ट्रॅक्टरवर उताणी होऊन गावात आली. खालचे तीन पंख आभाळाकडे वळलेले बघून लोकांनी नवं नांगरणीचं यंत्र समजून हळद-कुंकू वाहिलं. भाऊंच्या पत्नी गिरजावहिनी दारातूनच म्हणाल्या, "घरचं झालं थोडं अन् व्याह्यानं धाडलं घोडं!" आणि आत निघून गेल्या. पाण्याच्या काठी आपण पाऊल ठेवणार नाही, हे त्यांनी तेव्हाच जाहीर केलं.

बाकीच्या सामानाची तऱ्हा विचारू नका. तरंगायला भाऊंना दोन वाळके भोपळे हवे होते. मी हट्टानं नागपूरहून चांगलं जॅकेट आणवलं. डोक्याला ते मोटारसायकलचं हेल्मेट घालून आले. म्हटलं, बुडालात तर घागरीसारखं भरेल हे! शेवटी शाळेचं क्रिकेटचं दिलं. धोतर पट्ट्यांत गुंतायचं, म्हणून वहिनींनी बोलणं बंद ठेवून जुन्या छत्रीच्या कापडाची अर्धी चड्डी शिवून दिली. ती झटक्यात वाळायची. कमरेचा पट्टा मात्र मी कारागिराचाच ठेवला, एका हिसक्यात सुटणारा. पालथा झालेला माणूस आधी सुटला पाहिजे, बाकी सगळं नंतर.

ते सुटणं आम्ही खळ्यात तणसाच्या, म्हणजे धानाच्या पेंढ्याच्या, ढिगावर शिकलो. भाऊ पट्टा बांधून बसायचे, मी फळी पालथी करायचो आणि शिट्टी फुंकायचो. तणसातून आवाज यायचा, "कोणता हिसका, मास्तर? डावा का उजवा?" दहा दिवसांत ते डोळे मिटून सुटायला लागले. गावाला तमाशा फुकटात मिळाला.

मग इटियाडोह धरणाच्या पाण्यावर गेलो. भाऊ फळीवर बसले, पट्टा लावला आणि फळीसकट बेंबीपर्यंत पाण्यात गेले. वल्हं मारलं तरी जागचे हलेनात. एक म्हैस शेजारून पुढे निघून गेली.

"फळी खोटी आहे," भाऊ म्हणाले.

"भाऊ, फळी एक्क्याऐंशीची आहे. तुम्ही चौऱ्याण्णव आहात."

त्यांनी हिसका मारून पट्टा सोडला. मग म्हणाले, "मी एक्क्याऐंशी सांगलो ना? मंग एक्क्याऐंशीच होतो."

आता बोला! चूक कबूल करण्यापेक्षा माणसानं तेरा किलो उतरवायला घेतले. रात्रीचा भात सोडला. आमच्या धानपट्ट्यात कुणी भात सोडला की लोक समाचाराला येतात. तसे आलेच. वहिनींनी अबोला मोडून विचारलं, "कोणाचा नवस होय का हा?" भाऊ रोज सकाळी कालव्याच्या पाळीवरून काठी टेकत चालायचे. आधी शंभर पावलं, मग पुलापर्यंत, मग काठीशिवाय.

एप्रिलमध्ये एका रविवारी मिलच्या काट्यावर चढले. नव्या मापाऱ्यानं काटा बघितला आणि सवयीनं म्हणाला, "एक्क्याऐंशी, काका!"

भाऊंनी स्वतः वाकून बघितलं. चौऱ्याऐंशी. "कापू नोको!" ते ओरडले. "जेवढं आहे तेवढं पुरं सांग! कायले कापतो रे माणसाचं?" काट्यावरून उतरताना त्यांचा हात माझ्या खांद्यावर होता. "मास्तर, कास्तकार हात जोडून असंच म्हणत होते मले. कोरडं आहे भाऊ, कापू नका. मी म्हणो, ओलं आहे. काही खरंच ओलं राहे. काही नाई राहे."

मे महिन्यात ते खरे एक्क्याऐंशी झाले. नेमकी तेव्हाच माझ्या बदलीची ऑर्डर आली, चिचगडला. शेवटच्या रविवारी दुपारी ढगाळलं, पश्चिमेचा वारा सुटला आणि इटियाडोहवर गुडघाभर लाटा उठल्या. मोबाइलमधला तो समुद्रवाला हसला असता. आमच्यासाठी तोच समुद्र.

भाऊ तीनदा पालथे झाले, तीनदा सुटले, तीनदा परत चढले. चौथ्या वेळी मी काठावरून शिट्टी फुंकली, त्यांनी मागून येणारी लाट बघितली, वल्ह्याचे दोन फटके जोरात मारले आणि कंबर वळवली. फळी उचलली गेली! वीस-पंचवीस हात असतील, जास्त नाही. पण तेवढे हात टेकचंदभाऊ बसल्या जागेवरून सरळ धावत आले आणि काठच्या चिखलात रुतून थांबले. मी तर नाचलो. कुणी पाहिलं असेल तर पाहू दे.

भाऊ हलेनात. पट्टा लावलेला, वल्हं मांडीवर, आणि डोळ्यांतून धारा. बाभळीआडून कोणी तरी धावत आलं. गिरजावहिनी! कधीपासून तिथं उभ्या होत्या, देव जाणे. चपला काठावर टाकून, लुगड्यासकट गुडघाभर चिखलात शिरून त्यांनी नवऱ्याचा दंड धरला. "काऊन रडून राहिले? गुडघे दुखून राहिले का? उठा, घरी चला."

"गुडघे चांगले आहेत," भाऊ म्हणाले. "आत्ताच तं आलो वं. बसू दे ना मले थोडसाक."

वहिनींनी दंड सोडला नाही, पण ओढलंही नाही. लुगडं सावरून त्याही फळीच्या कडेला टेकल्या.